कागदावर ‘हायपोपिगमेंटेड मॅक्युल, आर/ओ हॅन्सन्स’ लिहिलंय, म्हणजे मुलाला नेमकं काय झालंय?

प्रश्न: माझ्या सात वर्षांच्या मुलाच्या डाव्या गालावर फिकट डाग आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी कागदावर असं लिहिलंय: ‘हायपोपिगमेंटेड मॅक्युल लेफ्ट चीक, इल-डिफाइन्ड, फाइन स्केलिंग, सेन्सेशन इंटॅक्ट, पेरिफेरल नर्व्हज एन.ए.डी., ? पी. अल्बा, आर/ओ हॅन्सन्स.’ खाली ‘इमोलियंट एल/ए बी.डी.’ आणि सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. हॅन्सन्स म्हणजे कुष्ठरोग असं नेटवर वाचलं आणि घरात रडारड झाली. सासूबाई म्हणतात हे कोडच आहे. कुणी नीट अर्थ सांगेल का?

उत्तर:

ताई, त्या कागदावर तुमच्या मुलाला कुष्ठरोग झालाय असं कुठेही लिहिलेलं नाही. ‘आर/ओ’ म्हणजे ‘रूल आउट’, म्हणजे हा आजार नाही ना, याची खात्री करून घ्यायची. डॉक्टरांचा खरा अंदाज ‘पी. अल्बा’ हा आहे आणि त्यांनी त्याच्याही आधी प्रश्नचिन्ह टाकलंय, कारण पहिल्याच भेटीत शिक्का मारायचा नाही, अशी चांगल्या डॉक्टरांची पद्धत असते. आधी घरातल्यांना एवढं सांगा, मग पुढचं वाचा.

मी डॉक्टर नाही. चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठतंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. घरोघरी जाऊन माणसांच्या अंगावरचे चट्टे तपासायचे आणि संशय आला की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवायचे, हे माझं काम होतं. त्यामुळे तुमच्या कागदावरचा जवळजवळ प्रत्येक शब्द माझ्या रोजच्या वापरातला आहे. निदान तुमच्या डॉक्टरांचंच. मी फक्त त्यांनी काय पाहिलं ते उलगडून सांगतो.

‘मॅक्युल’पासून सुरुवात करू. डोळे मिटून डागावरून बोट फिरवलं आणि डाग कुठे सुरू झाला, कुठे संपला हे बोटाला कळलं नाही, तर तो मॅक्युल. फक्त रंग बदललाय, पातळी बदललेली नाही. डाग जरा मोठा असला तर काही डॉक्टर ‘पॅच’ लिहितात. हाताला लागणारी बारीक पुटकुळी असती तर ‘पॅप्युल’ लिहिलं असतं, पसरट उंचवटा असता तर ‘प्लाक’, पाण्याचा बारीक फोड असता तर ‘व्हेसिकल’ आणि पू असता तर ‘पश्च्युल’. अंगावर पित्त उठल्यावर येणाऱ्या गांधींना ‘व्हील’ म्हणतात. एक गांध एका जागी सहसा २४ तासांपेक्षा जास्त टिकत नाही. या शब्दांतून फक्त काय दिसलं ते कळतं. सपाट तीळसुद्धा मॅक्युलच असतो. तेव्हा एवढ्या एका शब्दावरून नेटवर रोग शोधायला गेलात तर साध्यापासून गंभीरापर्यंत सगळंच समोर येणार आणि जीव घाबरा होणार.

आता ‘हायपोपिगमेंटेड’. हायपो म्हणजे कमी. त्वचेतलं रंगद्रव्य कमी झालंय, पण आहे. सासूबाईंच्या शंकेचं पुष्कळसं उत्तर इथेच आहे. कोड असतं तर डॉक्टरांनी बहुधा ‘डीपिगमेंटेड’ लिहिलं असतं, म्हणजे रंग पूर्ण गेलेला, चुनखडीसारखा पांढरा डाग आणि त्याची कड स्पष्ट. कोडात शरीराची प्रतिकारयंत्रणा रंग तयार करणाऱ्या पेशींवरच हल्ला करते आणि त्या पेशी नाहीशा होतात, म्हणून रंग उरत नाही. अगदी सुरुवातीचं कोडही फिकट दिसू शकतं, हे खरं आहे. शंका राहिली तर डॉक्टर अंधाऱ्या खोलीत वूड्स लॅम्प नावाच्या दिव्याखाली डाग बघतात; कोडाचा डाग त्या उजेडात निळसर पांढरा उठून दिसतो. पण तुमच्या कागदावर आणखी दोन शब्द कोडाच्या विरोधात जातात. ‘इल-डिफाइन्ड’ म्हणजे कड आसपासच्या रंगात विरत गेलेली, आणि ‘फाइन स्केलिंग’ म्हणजे वर बारीक कोंडा. कोडाच्या डागावर कोंडा नसतो, तिथली कातडी रंग सोडला तर अगदी नेहमीसारखी असते.

हे दोन्ही शब्द ‘पी. अल्बा’कडे बोट दाखवतात. पूर्ण नाव ‘पिटिरियासिस अल्बा’. पिटिरियासिस हा कोंड्याच्या ग्रीक शब्दावरून आलाय आणि अल्बा म्हणजे लॅटिनमध्ये पांढरा. तीन ते सोळा वर्षांच्या मुलांत, मुख्यतः गालांवर, कोरड्या कातडीवर असे फिकट डाग येतात. ज्या घरांत दमा, सर्दीची ॲलर्जी किंवा इसब असतो तिथल्या मुलांत जास्त. उन्हात खेळून आजूबाजूची कातडी काळवंडली की डाग एकदम डोळ्यांत भरतो, म्हणून पुष्कळ आयांना तो उन्हाळ्यात ‘अचानक आलेला’ वाटतो. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आपला आपण जातो, पण सावकाश. काही महिने लागतात, कधी वर्षाच्या वर.

एक इशारा देतो. पिटिरियासिस हे आडनाव अनेक वेगळ्या आजारांना आहे. ‘पिटिरियासिस व्हर्सिकलर’ म्हणजे आपली शिबं. ती एका प्रकारच्या यीस्ट बुरशीमुळे छाती, पाठ, मानेवर येतात. ‘पिटिरियासिस रोझिया’ तिसराच आजार. नेटवर नुसतं ‘पिटिरियासिस’ टाकून कुठलंही औषध वाचू नका.

आता ज्या शब्दाने तुमची झोप उडवली तो. नॉर्वेतल्या बर्गेनमध्ये गेरहार्ड आर्मावर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये कुष्ठरोगाचा जंतू पहिल्यांदा पाहिला, म्हणून डॉक्टर त्या आजाराला हॅन्सन्स डिसीज म्हणतात. रुग्णासमोर ‘महारोग’ किंवा ‘रक्तपिती’सारखे शब्द नकोत, ही भावनाही त्यामागे आहे. मला हे नाव मनापासून पटतं, पण कागदावर ते वाचणाऱ्याला कुणी समजावून सांगितलं नाही तर भीती दुप्पट होते, तेही पाहिलंय.

डॉक्टरांनी ते लिहिलंच का? कारण मुलांमध्ये कुष्ठरोगाची अगदी पहिली अवस्था कधी कधी असाच एखादा फिकट, अस्पष्ट कडेचा डाग घेऊन येते. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली गेलं आणि निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठल्याचं जाहीर झालं. पण प्रमाण खाली जाणं आणि आजार संपणं यात फरक आहे. आमच्या पूर्व विदर्भात अजूनही नवे रुग्ण सापडतात. लहान मुलाच्या गालावरचा फिकट डाग पाहून ज्या डॉक्टरांच्या मनात ही शक्यता येते आणि जे ती तपासतात, ते काळजीपूर्वक काम करणारे डॉक्टर आहेत. त्यांच्यावर रागावू नका.

त्यांनी ती तपासली आहे, हे पुढच्या दोन नोंदींवरून कळतं. ‘सेन्सेशन इंटॅक्ट’ म्हणजे डागावर संवेदना शाबूत आहे. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा न खाजणारा, न दुखणारा आणि बधिर असतो, कारण जंतू कातडीतल्या नसांना धरतो. आम्ही बॉलपेनच्या टोकानं अगदी हलका स्पर्श करायचो. आधी उघड्या डोळ्यांनी मुलाला दाखवायचं, मग डोळे मिटायला सांगायचं आणि जिथं लागलं तिथं बोट ठेवायला सांगायचं. ‘कळतंय का?’ असं विचारायचं नाही, कारण मूल प्रत्येक वेळी ‘हो’ म्हणतं. मधूनच स्पर्श न करता थांबायचं, म्हणजे मूल अंदाजानं बोट ठेवतंय का तेही समजतं.

पण इथे एक बारकावा तुम्हाला माहीत असायला हवा. चेहऱ्यावर नसांचं जाळं दाट असतं. त्यामुळे चेहऱ्यावरच्या कुष्ठरोगाच्या चट्ट्यावरही कधी कधी स्पर्श कळतो. म्हणून फक्त ‘सेन्सेशन इंटॅक्ट’वर विषय बंद करता येत नाही, आणि म्हणूनच डॉक्टरांनी ‘आर/ओ’ तसंच ठेवून सहा आठवड्यांनी बोलावलंय. तुम्हाला यात टांगती तलवार दिसली असेल. मला त्यात डागाला वेळ देऊन बघण्याची शिस्त दिसते.

‘पेरिफेरल नर्व्हज एन.ए.डी.’ ही नोंद दिलासा देणारी आहे. एन.ए.डी. म्हणजे काही वावगं आढळलं नाही. डॉक्टरांनी मुलाच्या मानेवरून हात फिरवला असेल, कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला चाचपलं असेल. तिथल्या नसा जाड झाल्या आहेत का ते त्यावेळी बघतात. त्या जाड नाहीत. तरीही पुढे शंका उरली तर कानाच्या पाळीसारख्या ठिकाणी बारीक छेद घेऊन त्वचेतला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, किंवा कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणीला पाठवतात. त्यातलं काहीच सध्या सांगितलेलं नाही.

आणि समजा, अगदी समजाच, की तो कुष्ठरोग निघाला. तरी काय? १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि या आजाराचं सगळं चित्र पालटलं. पाचपर्यंत चट्टे असतील तर सहसा सहा महिने, त्याहून जास्त असतील तर बारा महिने गोळ्या. त्या सरकारी केंद्रात फुकट मिळतात. उपचार सुरू झाले की थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्ग होणं थांबतं. मोठ्या बहुसंख्य लोकांच्या अंगात या जंतूविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असतेच. बोटं वाकडी होणं, तळपायाला जखमा होणं हे वर्षानुवर्षं उपचार न झाल्यामुळे घडतं. तुमचं मूल डाग दिसताच तज्ज्ञांपर्यंत पोचलंय.

सासूबाईंशी बोलताना एक गोष्ट आवर्जून सांगा. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत ‘कुष्ठ’ हा त्वचारोगांच्या मोठ्या गटाचा शब्द आहे, त्याचे अठरा प्रकार मोजलेले आहेत. पुढे बोलीत कुष्ठ म्हणजे एकच आजार झाला आणि कोडाला काही लोक ‘श्वेतकुष्ठ’ म्हणत राहिले. त्या एका शब्दानं कोड असलेल्या कितीतरी मुलींची लग्नं अडवली. कोडात जंतू नसतो, ते कुणाला लागत नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा काही संबंध नाही. गावात मी ‘श्वेतकुष्ठ’ ऐकलं की तिथल्या तिथे थांबवायचो. घरात ‘गालावरचा फिकट डाग’ एवढंच म्हणा. मुलाच्या कानावर दिवसभर ‘कोड’ आणि ‘कुष्ठ’ पडू देऊ नका. सात वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. कायद्यानंही या बाबतीत पाऊल टाकलंय: २०१९ मध्ये वैयक्तिक कायद्यांत दुरुस्ती होऊन कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण राहिलेलं नाही.

औषधाचं आता थोडक्यात. ‘इमोलियंट’ म्हणजे कातडी मऊ ठेवणारं, ओलावा धरणारं मलम. ‘एल/ए’ म्हणजे वरून लावायचं, ‘बी.डी.’ म्हणजे दिवसातून दोनदा. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावलं तर जास्त उपयोग होतो. तोंडाला साबण कमी लावा आणि दुपारच्या उन्हात टोपी घाला.

शेजारी सांगतील की पोटात जंत झालेत, कॅल्शियम कमी आहे, मासे खाऊन दूध प्यायला होता का? या डागाचा यातल्या कशाशीही संबंध नाही. जंताचं औषध शाळेत देतात ते जरूर द्या, पण त्यानं हा डाग जाईल अशी वाट बघू नका.

सगळ्यात जास्त काळजी औषधाच्या दुकानाची घ्या. ‘डागावर काहीतरी द्या’ म्हटलं की अनेक ठिकाणी स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असलेली ट्यूब हातात पडते. स्टेरॉइडच्या अशा मलमांसाठी चिठ्ठी बंधनकारक करण्याचं पाऊल सरकारनं २०१८ मध्ये उचललं, तरी ती सर्रास मिळतात. तशी ट्यूब मुलाच्या गालावर आठवडेच्या आठवडे लावली तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि स्टेरॉइडमुळेच रंग आणखी फिकट होतो. मग मूळ डाग कशाचा होता हे तज्ज्ञांनाही ओळखणं अवघड जातं. तुमच्या डॉक्टरांनी स्वतः सौम्य स्टेरॉइड ठरावीक दिवसांसाठी दिलं तर ती गोष्ट वेगळी.

सहा आठवड्यांत एवढं करा. दर रविवारी सकाळी, एकाच खिडकीपाशी, त्याच उजेडात डागाचा फोटो काढा. अंघोळ घालताना पाठ, कुल्ले, दंड, मांड्या नजरेखालून घाला. तिथं नवा फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, हाताची पकड ढिली वाटली किंवा हातापायाला मुंग्या येतात असं तो म्हणाला, तर तारखेची वाट न पाहता जा. जाताना हाच कागद, फोटो आणि या काळात लावलेलं प्रत्येक मलम सोबत न्या, घरगुती असलं तरी. घरात किंवा नात्यात कुणावर पूर्वी कुष्ठरोगाचे उपचार झाले असतील तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगा, कारण त्यांचा अंदाज त्यावर बराच अवलंबून असतो. तोवर मुलाचं ताट, टॉवेल, अंथरूण वेगळं करायची गरज नाही, आणि उद्या त्याला शाळेत पाठवा.