हात शिकले, चेहरा राहिला

प्रश्न : तीन महिन्यांत भारतीय सांकेतिक भाषेतल्या साडेतीनशे खुणा पाठ केल्या. सुटी खूण लगेच ओळखते, पण दोन कर्णबधिर माणसं आपसात बोलू लागली की काहीच हाती लागत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : बहुधा तुमची नजर हातांवर असते. ती बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर ठेवा. हात नजरेच्या कडेला दिसतातच. हातांचा पाठलाग करणारे डोळे प्रत्येक खुणेला थोडे उशिरा पोचतात आणि चार खुणांनंतर धागा सुटतो. शिवाय इथे चेहरा केवळ भावना दाखवत नाही, तो व्याकरण आहे. ‘तू जेवलास’ आणि ‘तू जेवलास का?’ यांत हात तेच. प्रश्नात भुवया वर जातात, मान किंचित पुढे येते. मराठीतला ‘का’ भुवयांत असतो म्हणा ना!

वाक्यरचनाही वेगळी. भारतीय सांकेतिक भाषेत वेळ आधी येते, नकार शेवटी, प्रश्नशब्दही शेवटी. ‘उद्या मी डॉक्टरकडे जाणार नाही’ हे ‘उद्या–मी–डॉक्टर–जाणे–नाही’ असं होतं. विभक्ती नाही, ‘आहे’ नाही. मराठी माणसाला क्रियापद शेवटाकडे पाहून घरच्यासारखं वाटतं आणि तिथेच तो घसरतो : ‘तू कुठे राहतोस?’मधला ‘कुठे’ मध्येच ठेवतो. योग्य क्रम ‘तू–राहणे–कुठे’. तोंडाने मराठी बोलत खुणा केल्या तर हातही मराठीच बोलतात, म्हणून सराव आवाज बंद ठेवून करा.

तिसरी गोष्ट जागेची. बोलणारा सुरुवातीला भावाला उजवीकडे आणि बहिणीला डावीकडे ‘बसवतो’. पुढे त्या बाजूला नुसतं बोट दाखवलं की ‘तो’ किंवा ‘ती’ झाली. ती सुरुवात हुकली तर पुढची सगळी बोटं हवेतच जातात.

सरावासाठी कर्णबधिर व्यक्तीने केलेला वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या. पहिल्यांदा न थांबता पाहून फक्त विषय लिहा. दुसऱ्यांदा कोण, कधी, कुठे ते टिपा. अडलेल्या खुणांवर थांबायचं ते तिसऱ्यांदा. वेग निम्मा करून पाहायची सवय लावू नका. माणसं निम्म्या वेगाने बोलत नाहीत. मग तेच वाक्य स्वतः करून मोबाइलवर चित्रित करा आणि मूळ व्हिडिओशेजारी ठेवून हाताचा आकार, जागा, हालचाल, तळव्याची दिशा, चेहरा असं एकेक ताडून पाहा. नवशिक्यांचा आकार सहसा बरोबर असतो, तळव्याची दिशा चुकते. दिशा बदलली की कधीकधी शब्दच बदलतो.

प्रश्न : इंग्रजी अक्षरं बोटांनी दाखवताना समोरचा पुन्हा पुन्हा विचारतो.

उत्तर : गोंधळ बहुधा स्वरांचा असावा. ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर एका हाताच्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत ओळीने असतात आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीने त्या त्या बोटाच्या टोकाला स्पर्श करायचा असतो. बोटं चिकटलेली असली की ई, आय, ओ यांतला फरक दिसत नाही. बोटं फाकवा, स्पर्श टोकालाच करा. दोन्ही हात छातीसमोर स्थिर ठेवा. दर अक्षराला हिसका देऊ नका. वेगापेक्षा एकसारखी लय महत्त्वाची. आणि अक्षरांचा आधार नावं, गावं अशा विशेषनामांपुरता घ्या. खूण आठवली नाही की स्पेलिंग करायची सवय लागली तर खूण कधीच आठवत नाही.

प्रश्न : इंटरनेटवरच्या अमेरिकन व्हिडिओंवरून शिकलं तर चालेल का?

उत्तर : अमेरिकेत कोणाशी बोलायचं असेल तर जरूर. सांकेतिक भाषा जगभर एकच नाही. अमेरिका आणि ब्रिटन यांची बोलीभाषा इंग्रजी असली, तरी त्यांच्या सांकेतिक भाषा परस्परांना कळत नाहीत. फ्रान्सहून गेलेले कर्णबधिर शिक्षक लॉरां क्लेर्क यांनी १८१७ साली हार्टफर्डच्या शाळेत शिकवायला सुरुवात केली, त्यामुळे अमेरिकन भाषेचं नातं फ्रेंच सांकेतिक भाषेशी जुळतं. तिथली अक्षरं एका हाताची, आपली दोन हातांची. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश वापरा. २०२१च्या तिसऱ्या आवृत्तीत दहा हजार नोंदी आहेत. तुमच्या ओळखीतली कर्णबधिर व्यक्ती कोशापेक्षा वेगळी खूण करत असेल तर वाद घालू नका, तिची शिका. प्रदेशागणिक, वयागणिक खुणा बदलतात.

प्रश्न : मी डावखुरा आहे. उजव्या हाताने शिकू का?

उत्तर : नको. डावा हात मुख्य ठेवा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. मध्येच हात बदलला तर बघणारा गोंधळतो. उजव्या हाताच्या शिक्षकासमोर तुम्हाला आरशासारखी नक्कल करता येईल, म्हणजे उलट तुमचंच काम सोपं.

प्रश्न : पाठमोऱ्या कर्णबधिर व्यक्तीला हाक कशी मारायची?

उत्तर : खांद्यावर हलकेच एक-दोनदा थोपटा. लांब असेल तर दिव्याचं बटण एकदा बंद-चालू करा. मग बोलायला उभे राहाल तेव्हा खिडकीकडे पाठ करू नका. मागच्या उजेडात तुमचा चेहरा काळा दिसतो.