मित्राने शपथ घातली आहे, तरी त्याच्या सिकलसेलबद्दल शाळेत सांगावं का?

तुम्ही दोघं दहावीत आहात, त्याचा रिपोर्ट एसएस आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलसेल हा रक्ताचा आजार आलेला, आणि वर्गात हे फक्त तुला माहीत आहे. उशीर झाला की पीटीचे सर त्याला ग्राउंडच्या चकरा मारायला लावतात. आणि कोणाला सांगायचं नाही म्हणून त्याने तुला आईची शपथ घातली आहे. हेच विचारलंस ना?

सांग. उद्याच सांग. पण कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही, यात मी दोन्हीकडून माती खाल्ली आहे. तेवढं वाच, मग जा.

२००४ साल, मीही दहावीत. भंडारा जिल्हा, साकोलीकडचं गाव, सगळा धानाचा पट्टा. शाळा पाच किलोमीटरवर, सायकलने जायचो. दोस्ताचं नाव लिहीत नाही, कारण तो हे वाचेल आणि पुन्हा भांडेल. त्याचा बाप गावचा कोतवाल, म्हणून वर्गात त्याला सगळे हवालदार म्हणत. तेच चालवू.

रोवणीच्या दिवसांत हवालदार आठ-दहा दिवस शाळेत आला नाही. आला तेव्हा डोळे पिवळे आणि गळ्यात मुळ्यांची माळ. गावात सगळ्यांनी कावीळ ठरवून टाकली होती. शाळा सुटल्यावर मामा (मालगुजारी) तलावाच्या पाळीवर बसलो तेव्हा त्याने सांगितलं, "नागपूरले मेडिकलमधी तपासलं. मायं रक्त विळ्यासारखं हाये म्हणते."

मी हसलो. आमच्या घरी धान कापायचे बारा विळे होते, तेच डोळ्यासमोर आले. तो हसला नाही. म्हणाला, "कोणालेच सांगजो नोको. तायीचं जमून राहिलं. मायची आन हाये तुले."

घेतली आन. खरं सांगतो, मला त्या शपथेचा भारी गर्व वाटायचा. अख्ख्या शाळेत एक गोष्ट फक्त मला माहीत! पीटीचे सर त्याला पळवत, तो तिसऱ्या चकरीला वाकून उभा राही, पोट्टे "म्हातारा, म्हातारा" ओरडत, आणि मी दात दाबून गप्प. मला वाटायचं, दोस्ती म्हणतात ती हीच.

मग दिवाळीनंतरची मंडई आली. पुण्या-मुंबईकडच्यांसाठी: आमच्या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरते, आणि रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या येतात. पडदा दहा-साडेदहाला उघडतो आणि घरी जाताना कोंबडे आरवतात. शेजारच्या गावच्या मंडईला आम्ही दोघं एका सायकलवर गेलो. मागे तणसावर जागा धरली. हवालदारानं संध्याकाळपासून पाणी घेतलं नव्हतं, कारण लघवीला उठलं की जागा गेली. अंगात हाफ स्वेटर. त्या दिवसांतली झाडीपट्टीतली रात्र ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको.

आज मला कळतं की त्या रात्री आम्ही सगळं ठरवून केल्यासारखं केलं. थंडी, जागरण, कोरडं पडलेलं शरीर. लाल पेशींतला ऑक्सिजन उतरला की त्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक नळ्यांत अडकतात, पुढे रक्त जात नाही आणि हाडांत कळ उठते. हे मला वीस वर्षांनी नीट समजलं. तेव्हा रात्री दोनच्या सुमारास तो एवढंच म्हणाला, "पाय फुटून राहिला बे."

मी म्हटलं, "नाटक पाहायले आला का करायले?"

हे वाक्य मी कोणाला सांगत नाही. इथे लिहितो, कारण इथे मला कोणी ओळखत नाही. (हवालदार ओळखेल.)

अर्ध्या तासाने तो ओरडायला लागला. हार्मोनियम-तबल्यात कोणाला ऐकू गेलं नाही. सायकलच्या कॅरिअरवर त्याला बसताच येईना. शेवटी एका अनोळखी काकांनी एम-एटी गाडीवर मध्ये त्याला बसवलं, मागे मी धरून, आणि दवाखान्यात नेऊन सोडलं. डॉक्टर मुक्कामी नव्हते, सिस्टर होत्या. झोपेतून उठून आल्या, नाडी पाहिली आणि मला विचारलं, "याले आधीचा काही आजार हाये का? असं कधी झालं होतं का?"

हवालदाराने माझा हात दाबला. घट्ट.

मी म्हटलं, "माहीत नाही."

सिस्टरने थंडीने वात धरला असं समजून एक इंजेक्शन दिलं, एक गोळी दिली आणि बाहेरच्या बाकड्यावर निजवायला सांगितलं. बाकडं सिमेंटचं. तिथे तो चार तास होता. सिस्टरला मी आजही दोष देत नाही, तिला खोटं मी सांगितलं. सकाळी सातला त्याची माय कॅरीबॅगमध्ये कागद घेऊन धावत आली. कागद पाहिल्याबरोबर सलाईन लागलं, गाडी बोलावली, भंडाऱ्याला नेलं. अकरा दिवस होता.

तो हात त्याने का दाबला यावर आमचं भांडण अजून मिटलं नाही. मी म्हणतो, "नको सांगू" म्हणून दाबला. तो म्हणतो, "सांग ना बे" म्हणून दाबला. माझं म्हणणं, शपथ तुझी होती, सोडवायचीही तूच होती, तोंड होतं ना तुला? त्याचं म्हणणं, ज्याची हाडं फुटत आहेत त्याने बोलायचं की ज्याचं सगळं धड आहे त्याने? आता तूच सांग याला काय उत्तर द्यायचं.

आता दुसरी माती. सोमवारी शाळेत गेलो. सरांनी विचारलं, हवालदार कुठे? माझ्या पोटात तीन दिवसांचं साचलं होतं. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. सरांना बाजूला नेऊन नाही, अख्ख्या वर्गासमोर. वर फळ्याकडे जाऊन खडूने विळा काढून दाखवला. दहा मिनिटं सगळे माझ्याकडे पाहत होते आणि, लाज वाटते लिहायला, मला ते आवडलं.

आठवड्याभरात तायीची सोयरीक मोडली. लाखांदूरकडचं स्थळ होतं, तारीख काढायचीच बाकी होती. हवालदाराची माय आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. ओरडली नाही. "तुले पोटच्या पोरासारखं समजलो होतो," एवढं म्हणून गेली. तो जानेवारीत शाळेत आला तो दुसऱ्या बाकावर बसला. दोन-तीन पोट्टे त्याच्या बाटलीतलं पाणी पिईनासे झाले. जणू हे सर्दीसारखं उडून लागतं! बारावी होईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.

सोयरिकीबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. मी वर्गात सांगायला नको होतं, शंभर टक्के कबूल. पण लग्न माझ्या खडूने मोडलं नाही. तायीचं रक्त तपासलं तर ती एएस निघाली, म्हणजे वाहक, तिला स्वतःला काही त्रास नाही. मुलगा एए, म्हणजे सिकलसेलचा दोष अजिबात नसलेला असता तर तिच्या एकाही लेकराला एसएस होणं शक्यच नव्हतं. दोघंही एएस असते तरच दर खेपेला चारात एक धोका. म्हणजे प्रश्न पोराच्या एका थेंब रक्ताचा होता. पण त्याचं रक्त तपासा म्हटल्यावर त्याच्या मामाला राग आला, "आमच्या घरात असले रोग नाहीत" म्हणे. अरे बाबा, तपासल्याशिवाय तुला कसं ठाऊक? आमच्याकडे लोक अजून समजतात की हा अमक्या जातीचाच आजार. आदिवासी आणि दलित वस्त्यांत जास्त आहे हे खरं, पण माझ्या माहितीतल्या तेली-कुणब्यांच्या घरांतही आहे. रक्त जातीचा दाखला मागत नाही. तायीचं पुढे दोन वर्षांनी तपासून लग्न झालं. जावई एए. पोरगी एए, पोरगा एएस, दोघंही टणाटण. हे मी हवालदाराला दरवेळी ऐकवतो आणि तो दरवेळी म्हणतो, "ते ठीक हाये, पण फळ्यावर विळा काऊन काढला?"

असो. तुझं राहिलंच.

दोन माणसांना माहीत पाहिजे: पीटीच्या सरांना आणि वर्गशिक्षकांना. तिसरा म्हणजे वेळ आली तर समोरचा डॉक्टर किंवा सिस्टर, आणि तिथे शपथ-बिपथ काही नाही, पहिलं वाक्य "याला सिकलसेल आहे, एसएस". बाकी वर्गाला काही सांगायचं नाही. आणि त्याच्या पाठीमागे जाऊन सांगू नको. आधी त्याला तोंडावर सांग, "मी सरांना सांगणार आहे, येतोस का सोबत?" शिव्या देईल. खाऊन घे. मी हे केलं असतं तर दोन-अडीच वर्षं वाचली असती.

सरांकडे मागायचं काय, तर चकरा बंद, तासाला पाण्याची बाटली जवळ, आणि लघवीला जायला परवानगी, नाही तर पोट्टा पाणीच पीत नाही. गार पाण्यात पोहणं नाही. ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, छातीत दुखून दम लागला तर एक मिनिट थांबायचं नाही.

आता आमच्यासारखे दिवस राहिले नाहीत हेही सांगतो. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल मिशन सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं, शाळांतही तपासतात. चांगलंच आहे. फक्त रिपोर्ट आले की कोणी वर्गात नावं वाचून दाखवत असेल तर उठून म्हणा, असं वाचू नका. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेल आहे, त्याचं प्रमाणपत्र निघत असेल तर बोर्डाच्या परीक्षेआधी काढून घ्या. मार्चमध्ये धावपळ करू नका.

हवालदार आज तालुक्याला ऑनलाइन सेंटर चालवतो. उजवा खुबा झिजला आहे, थोडा लंगडतो. डॉक्टर म्हणाले, असं एका रात्रीने होत नाही. मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. हायड्रॉक्सीयुरियाची गोळी रोज घेतो, ठरल्या वेळी रक्त तपासून येतो, कळ पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी उठते. ही गोळी सगळ्यांना एकाच मापाने चालत नाही, म्हणून तुझ्या मित्राला माझं नाव सांगून काही घ्यायला लावू नको. मी डॉक्टर नाही, माझं कृषी केंद्र आहे, खत-बियाणं विकतो. आणि तुझ्या मित्राचं घर कसं आहे, त्याच्याही घरात कोणाचं लग्न जमायचं आहे का, हे मला माहीत नाही. तसं असेल तर सरांना सांगताना तेही सांग, म्हणजे ते स्टाफरूममध्ये बोलणार नाहीत.

मंडईला त्याला नेणार असशील तर ने. घरी बसवून ठेवू नको. दोन शाली, कानटोपी, पाण्याची मोठी बाटली, आणि जागा कडेची धर, म्हणजे लघवीला उठता येतं. आम्ही अजून जातो. मागच्या साली तो मध्यंतरातच म्हणाला, चल, पाय जड वाटून राहिला. मी एक शब्द न बोलता उठलो. गाडीवर बसल्यावर तो म्हणाला, "आज नाही म्हणत का, नाटक करून राहिला म्हणून?"