खुराक आणि मेहनत

प्रश्न : मी ५८ वर्षांचा आहे. कागल तालुक्यातल्या एका खेड्यातून दहावीनंतर कोल्हापुरात आलो, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत, म्हणजे वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतून सुटे भाग बनवण्याच्या कारखान्यात, वाळू चाळण्यापासून सुरुवात केली आणि आज शिरोली औद्योगिक वसाहतीत माझी स्वतःची लहानशी फौंड्री आहे. लहानपणी शाळेसाठी रोज जाऊन-येऊन ८ किलोमीटर चालत होतो. माझा मुलगा १९ वर्षांचा असून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला काही कमी पडू द्यायचे नाही असे मी ठरवले होते आणि तसे केलेही; पण गिटार, कॅमेरा, जिमचे वर्षाचे पैसे, सगळे मिळाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत बाजूला पडते. शेवटी मी त्याच्या गाडीची किल्ली कपाटात ठेवली आणि के.एम.टी.च्या बसने कॉलेजला जायला सांगितले. आठ दिवस तो मुकाट्याने गेला. नवव्या दिवसापासून मोबाइलवरून रिक्षा बोलावू लागला, तीही माझ्याच पैशाने. मी रागावलो तेव्हा म्हणाला, “पप्पा, तुमच्याकडं सायकल न्हवती म्हणून तुम्ही चालत होतासा. सायकल असती तर चालला असता काय?” मला उत्तर देता आले नाही. तेव्हापासून घरात कुणी नीट बोलत नाही. कष्टाची किंमत मुलाला कशी कळावी? माझे कुठे चुकले?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तुमच्या मुलाचे आहे. त्याचे उत्तर तुम्हाला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. ते मोठ्याने म्हणवत नाही, एवढेच. सायकल असती तर तुम्ही चालला नसता. त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही. तुमच्याबरोबर त्याच वाटेने आणखी पाच-सहा मुले चालत असतील. त्यांतली किती दहावीपर्यंत पोचली, हे जरा आठवून पाहा. नुसत्या पायपिटीने माणूस घडत असता, तर ती सगळीच आज फौंड्रीची मालक झाली असती.

हे आधी सांगण्याचे कारण असे की, हातात चार पैसे आले की आपण मागच्या टंचाईचे गोडवे गाऊ लागतो, आणि त्यातून मी स्वतःही सुटलेली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला, पाणी उपसण्याची केंद्रेच पुरात सापडली आणि चहूकडे पाणी असलेल्या या शहरात नळ कोरडे पडले. तिसऱ्या मजल्यावर टँकरच्या पाण्याच्या बादल्या चढवताना मी घामाघूम होत असे. आमच्या इमारतीत ते दिवस निघाले की आजही लोक हळवे होतात. एका बादलीत कसे भागवले, कोणाच्या घरी पिठले-भाकरी झाली, शेजाऱ्याचे नाव पहिल्यांदा कसे कळले, हे सगळे रंगवून सांगतात. प्रयाग चिखलीत किंवा आंबेवाडीत ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्यांच्याकडून असे रंगवून सांगणे मी अजून ऐकलेले नाही. टंचाईची आठवण गोड लागण्यासाठी बहुधा तिच्यातून सुखरूप बाहेर पडावे लागते.

तरीही तुमची काळजी खोटी नाही. आणून दिलेली प्रत्येक वस्तू दोन महिन्यांत कोपऱ्यात जाते, तेव्हा मुलाचे काहीतरी हुकते आहे हे खरेच. फक्त ते किल्ली काढून घेण्याने भरून येणार नव्हते, कारण त्या बंधनाला तुमच्या मर्जीपलीकडे कसलेच कारण नव्हते. गाडी दारात उभी, पेट्रोलला पैसे आहेत, रस्ता मोकळा आहे, आणि तरी बसने जायचे. का, तर पप्पांना वाटते म्हणून. एकोणीस वर्षांच्या मुलाला यातले नाटक ओळखू येते, आणि नाटकातून वाट काढायला त्याने रिक्षा बोलावली. मला तर त्याने आठ दिवस काढले याचेच कौतुक वाटते.

माझे थोरले मामा गंगावेशीच्या तालमीत जात असत. पहाटे अंधारात उठून गेलेले मामा उजाडल्यावर परतत, तेव्हा त्यांच्या खांद्यांना तेल आणि हळद मिसळलेल्या लाल मातीचा वास येत असे आणि आजी त्यांच्यापुढे दुधाचा तांब्या ठेवत असे. या गावाला पैलवानकीचे वेड किती जुने आहे हे तुम्हाला सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचे कुस्ती मैदान उभे राहिले. मला त्यातली एक गोष्ट तुमच्या प्रश्नाच्या फार जवळची वाटते. पैलवान गरिबीत तयार होत नाही. त्याला दूध, तूप, बदाम, थंडाई असा जबर खुराक लागतो, म्हणूनच तर त्याला राजाश्रय लागत असे. तालमीत समृद्धी आणि सक्ती एकाच ताटात वाढलेली असतात. जो खुराक जोर-बैठकांत जिरत नाही, तो अंगावर चरबी होऊन बसतो, आणि हे पटवण्यासाठी वस्तादाला व्याख्यान द्यावे लागत नाही.

तालमीत नव्याने आलेल्या पोराच्या हाती बहुतेक वेळा पहिल्यांदा येते ते फावडे. आखाड्याची माती रोज उकरावी लागते, नाही तर ती दगडासारखी बसते आणि पडणाऱ्याची हाडे मोडतात. बागायतदाराचा पोरगा असो की हमालाचा, माती दोघांनाही उकरावीच लागते, कारण ती उकरल्याशिवाय कुस्ती होत नाही. पाठ मातीला लागली की हार, मग वडिलांची ओळख कुणाशी का असेना. असे बंधन मुले निमूट पाळतात, एवढेच नव्हे तर त्याचा अभिमान बाळगतात. मामांचे मोडून जाड झालेले कान हा आमच्या घरात दागिना समजला जात असे.

कुस्तीचे वेड नसेल तर गाण्याकडे पाहा, तेही कोल्हापूरचेच आहे. शाहू महाराजांच्या दरबारी असलेल्या अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज उमेदीच्या वयात अति गाण्यामुळे बिघडला आणि पुढे तो पहिल्यासारखा कधीच झाला नाही. उरलेल्या आवाजाला जे पेलेल ते गाता गाता, लयीशी गुंतलेली अवघड बांधणीची जी गायकी त्यांनी घडवली, तिलाच आपण जयपूर-अत्रौली घराणे म्हणून ओळखतो. ज्यांचे गळे ठणठणीत होते अशा केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांनीही पुढे तीच अवघड वाट आपली मानली. आता यावरून मुलाचा आवाज बसावा अशी इच्छा कुणी करू नये, हे सांगायला हवेच.

गिटार आणि कॅमेऱ्याचे कोडे उलगडायला एक प्रयोग उपयोगी पडेल. अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना साध्या खोक्यांचे सुटे भाग जोडायला दिले होते, आणि ज्यांनी खोके स्वतः जोडले त्यांनी त्याला तयार खोके मिळालेल्यांपेक्षा जास्त किंमत देऊ केली. मात्र ज्यांना काम अर्धवट सोडायला लावले, त्यांच्यात ही ओढ दिसली नाही. म्हणजे जीव जडायला नुसते कष्ट पुरत नाहीत, ते शेवटाला न्यावे लागतात. तुमच्या मुलाला वस्तू तयार मिळाल्या आणि त्याने काम अर्धवट सोडले, तेव्हा त्याचा जीव जडावा तरी कशात? (स्वतः केलेल्या भाजीत मीठ जास्त झाले तरी ती आपल्याला उत्तम लागते, हीही याच गोष्टीची दुसरी बाजू, घरच्यांना ती सोसावी लागते.)

आता तुमच्या फौंड्रीविषयी. तुम्ही एवढे मोठे पत्र लिहिले, पण मुलगा कधी फौंड्रीत आला होता की नाही, याचा त्यात उल्लेख नाही. दसऱ्याच्या पूजेला येत असेल. साच्याच्या वाळूत पाणी किती घालायचे हे तुम्ही मूठ आवळून, तो गोळा मोडून आणि मोडलेली कड स्वच्छ आली की नाही हे पाहून शिकला असाल. पाणी जास्त झाले की तापल्या लोखंडाने वाळूत वाफ होते, ती कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या लोखंडात, अडकते आणि वरून गुळगुळीत दिसणारा जॉब मशिनवर चढवल्यावर आतून पोकळ निघतो. त्या पोकळीला, आपल्या भाषेत ब्लो होलला, मालकाचा मुलगा कोण हे कळत नाही. तुम्हाला हवे असलेले बंधन तुमच्याच शेडमध्ये तयार आहे, आणि तुम्ही ते सोडून बसथांब्यावर शोधत होता.

मुलाची तयारी असेल तर सुट्टीत त्याला एक लहान जॉब पहिल्यापासून शेवटपर्यंत करू द्या. वाळू, साचा, कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा), फेटलिंग (ओतलेल्या नगाच्या जादा कडा काढून साफसफाई), आणि रिजेक्ट झालेले नगही त्यानेच मोजावेत. वितळलेल्या लोखंडाचे काम मात्र अनुभवी माणसाच्या हातीच राहू द्या, तिथे शिकाऊ माणसाची हौस चालत नाही. त्याला तुमच्याऐवजी साचे करणाऱ्या एखाद्या जुन्या मोल्डरच्या हाताखाली द्या आणि त्या मोल्डरला स्पष्ट सांगा की चूक झाली तर झाकायची नाही. त्या दिवसांत तुम्ही त्याच्याजवळ उभे राहू नका. तुम्हाला ते जड जाईल. मुलासाठी अडचण दूर करण्याची तुमची एकोणीस वर्षांची सवय आहे, आणि या सगळ्यात खरा संयम तुम्हालाच पाळावा लागणार आहे.

त्याला फौंड्रीत रस नसण्याची शक्यता मी धरून चालते. मग कोपऱ्यातल्या तीन वस्तूंपैकी कोणती पुन्हा हाती घ्यायची ते त्यालाच ठरवू द्या. गिटार निवडले तर एक गाणे, एकच, न अडखळता वाजेपर्यंत नवे काही विकत घ्यायचे नाही, असा शब्द त्याच्याकडून घ्या, आणि तसाच एक शब्द स्वतःही द्या. तुम्ही काय अर्धवट सोडले आहे ते तुम्हालाच ठाऊक.

किल्ली आज रात्रीच परत द्या. अट घालू नका, समजावून सांगू नका. ती त्याच्या हातात ठेवताना त्याच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर तेवढे द्या : “नाही रे, सायकल असती तर चाललो नसतो.”