सुरुवात राखेपासून कर

सोलापूर

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा प्रकल्पाचा आराखडा वाचला. केमिकल लूपिंगसारखा, म्हणजे धातूच्या ऑक्साइडमार्फत इंधनाला ऑक्सिजन पुरवून कार्बन डायऑक्साइड वेगळा मिळवण्याचा विषय तू निवडलास याचा फार आनंद झाला. पण निकेल ऑक्साइडची नवी पावडर बनवायची आणि मिथेनवर तपासायची, हा बेत सोडून दे. आपल्या जिल्ह्यात जळतो तो कोळसा आणि बगॅस, म्हणजे उसाचं चिपाड. घन इंधनाचे प्रश्न वेगळे आहेत आणि तिथेच माणसं कमी पडतात.

हवेत नायट्रोजन सुमारे 78 टक्के असतो, म्हणून कोळशाच्या चिमणीतून निघणाऱ्या वायूत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 12 ते 15 टक्के भरतो. तो वेगळा काढण्यातच बरीच ऊर्जा जाते. लूपिंगमध्ये इंधन आणि हवा यांची भेटच होऊ द्यायची नाही. धातूचं ऑक्साइड हवेच्या रिअॅक्टरमध्ये ऑक्सिजन घेतं, इंधनाच्या रिअॅक्टरमध्ये देतं आणि परत फिरतं. इंधनाच्या बाजूनं मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि वाफ निघते. थंड केलं की पाणी वेगळं. एकूण उष्णता मात्र साध्या ज्वलनाइतकीच मिळते. हे सौंदर्य मला आजही भुरळ घालतं.

आता कागद घे. हेमाटाइट आणि मॅग्नेटाइट ही लोखंडाची ऑक्साइडं. हेमाटाइटचं मॅग्नेटाइट होताना वजनाच्या 3.3 टक्केच ऑक्सिजन सुटतो. एक किलो कार्बन जाळायला 2.67 किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे साधारण 80 किलो हेमाटाइट फिरवायला हवं, तेही 950 अंशांच्या आसपास. फताटेवाडीला एनटीपीसीचे 660 मेगावॅटचे दोन संच आहेत. त्यांच्या कोळशाला हा हिशेब लावून बघ. शिवाय भारतीय कोळशात राख बहुधा 30 ते 45 टक्के. राख काढताना थोडं ऑक्साइड तिच्याबरोबर जातंच. ते महाग आणि विषारी निकेल असेल तर धंदाच बसला. म्हणून स्वीडनमधल्या चाल्मर्स विद्यापीठाच्या 10 किलोवॉटच्या संचात आणि डार्मस्टाटच्या 1 मेगावॅटच्या संचात इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज ऑक्साइड, वापरलं गेलं. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत ते आहे. तू तेच घे.

दुसरी अडचण वेगाची. कोळशाचा कण आणि ऑक्साइडचा कण एकमेकांना भिडून फारसं काही होत नाही. आधी वाफेनं कोळशाचा वायू व्हावा लागतो, मग तो वायू ऑक्साइडशी रिअॅक्ट होतो. हे पहिलं पाऊल संथ. तोवर न जळलेला चार (char, कोळशातले वायू निघून गेल्यावर उरणारा घन कार्बन) ऑक्साइडबरोबर हवेच्या बाजूला गेला, तर तिथे जळून नायट्रोजनसोबत चिमणीतून निघून जातो. कार्बनची पकड तिथे सुटते. त्यासाठी मधे कार्बन स्ट्रिपर, म्हणजे चार ऑक्साइडपासून वेगळा करणारा भाग, बसवतात. म्हणून इंधन किती जळलं एवढ्यावर थांबू नकोस. किती कार्बन कुठल्या बाजूनं बाहेर पडला ते प्रत्येक चक्राला मोज. कार्बनचा ताळा जुळत नसेल तर तो आलेख अहवालात घालू नकोस, कितीही देखणा असला तरी.

माझा आग्रह बगॅसचा आहे. त्याचा चार कोळशापेक्षा लवकर वायूरूप होतो. उसानं कार्बन हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे तो पकडून जमिनीखाली कायमचा साठवला तर हवेतला कार्बन खरोखर कमी होतो. अडचण पोटॅशियमची. राखेतल्या सिलिकाबरोबर ते वितळून चिकट होतं, ऑक्सिजन वाहणाऱ्या ऑक्साइडचे कण एकमेकांना धरतात आणि फ्लुइडाइज्ड बेड, म्हणजे वायूच्या झोतावर तरंगणारा कणांचा थर, बसतो. इल्मेनाइटच्या कणात पोटॅशियम किती खोल शिरलं, आणि त्यानंतरही तो कण ऑक्सिजन देतो का, हा तुझा प्रश्न असू दे.

गाळप सुरू झालं की एखाद्या को-जनरेशनवाल्या, म्हणजे बगॅस जाळून वाफेबरोबर वीजही बनवणाऱ्या, साखर कारखान्यात जा. बॉयलरवरच्या लोकांना विचार, क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेली राख, कुठे धरतो, कुठल्या दिवसांत जास्त धरतो. त्यांचं ऐकून लिहून घे. बगॅस आणि राख दोन्हींचे नमुने घे, हंगामाच्या सुरुवातीचे वेगळे, शेवटचे वेगळे. उसाबरोबर आलेली माती दोन्ही वेळा सारखी नसते. बगॅस वाळवून हवाबंद ठेव, नाहीतर बुरशी धरेल. राखेचं विश्लेषण हाती आलं की मला पाठव, मग तापमान ठरवू.

तुझा,
सर