डिसेंबरमध्ये पुणे ते गोवा चॅरिटी सायकल राइड आहे, सध्या ३० किमी जमतंय. क्लबबरोबर तयारी करू की एकट्याने?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या ग्रुपबरोबर चार दिवसांत पुणे-गोवा करायचंय, हातात साडेचार महिने आहेत, आणि क्लबमधले लोक फार फास्ट असतात म्हणून एकट्यानेच सराव करावा असं वाटतंय. माझं सरळ मत सांगते, क्लबबरोबरच करा. मी हीच राइड केलीये, एका मुलींच्या वसतिगृहासाठी पैसे उभे करायला, आणि त्याआधी पाच महिने आमच्या भागातल्या क्लबबरोबर दर शनिवार-रविवार सायकल चालवली.

पहिलं म्हणजे १०० किमी या आकड्याची भीती काढून टाका. हळूहळू वाढवत नेलं तर तीन महिन्यांत एका दिवसात तेवढं होतं. खरी कसोटी लागते दुसऱ्या दिवशी सकाळी. पुणे-सातारा साधारण ११० होतात, त्यात खंबाटकी चढायचा (आम्ही गेलो तेव्हा जाताना घाटच लागायचा, बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी होता), रात्री मांड्या भरून आलेल्या असतात, आणि सकाळी सहाला त्याच सीटवर बसून कोल्हापूर गाठायचं असतं, ते अजून १२०. त्या वेळी सीटवर टेकल्यावर जी कळ येते ती पहिल्यांदा साताऱ्याच्या लॉजबाहेर कळू नये, आधी घरी कळावी. म्हणून आमच्या क्लबमध्ये शनिवारी मोठी राइड असायची, बोपदेव घाट चढून सासवड, नारायणपूर, कापूरहोळला हायवेला लागायचं आणि परत येताना कात्रजचा बोगदा टाळून जुन्या कात्रज घाटाने, सगळं मिळून ९० च्या आसपास, आणि रविवारी कितीही अंग दुखत असलं तरी ४० किमी सपाट रस्त्याने आरामात. रविवारी एकट्याने उठणं मला तरी जमलं नसतं, पण कोपऱ्यावर चार लोक लाइट लावून उभे आहेत म्हटल्यावर उठायचे. रविवार अजिबात सोडू नका.

पॅडेड शॉर्ट्स चांगली घ्या, त्याच्या आत दुसरं काही घालू नका आणि जांघेत व्हॅसलीन लावा, हे लाजून कुणी सांगत नाही म्हणून मी लिहितेय.

आता फास्ट लोकांचं. मी आधी एका दुसऱ्या क्लबबरोबर दोनदा गेले होते, दुसऱ्यांदा चढावर मागे पडले तर वरती कुणीच थांबलेलं नव्हतं, रस्ता विचारत विचारत घरी आले. तेव्हा क्लबात जाण्याआधी एवढंच विचारा की मागे राहिलेल्या माणसाबरोबर कोण असतं? त्याचं उत्तर लगेच मिळालं तर तो क्लब तुमचा. आमच्याकडे एक काका आहेत, साठीच्या जवळ आलेले, ते कायम स्वीप असतात म्हणजे शेवटच्या माणसाच्याही मागे. तिसऱ्या शनिवारी बोपदेवच्या वरच्या वळणावर माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी कठड्याला टेकून बसले. काकांनी सायकल लावली, खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढून अर्धी मोडून हातावर ठेवली आणि म्हणाले, "बाळा, पाणी पितेस, पण खातेस कुठे?" सकाळपासून मी खरंच काही खाल्लं नव्हतं. तेव्हापासून घड्याळात दर २० मिनिटांचा अलार्म लावते, वाजला की भूक असो नसो, अर्धं केळं किंवा दोन खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्ब्ज पोटात जायला हवेत, एका मध्यम केळ्यात २५ च्या आसपास असतात, त्यावरून तुमचा हिशोब लावा. आणि दोनपैकी एका बाटलीत इलेक्ट्रॉल.

पंक्चर काढायला क्लबमध्येच शिकले. कऱ्हाडच्या अलीकडे माझं मागचं चाक एका तासात दोनदा बसलं, ट्यूब नवीन टाकूनसुद्धा. काकांनी टायर काढून आतून रुमाल फिरवला, एका जागी रुमाल अडकला, तिथे केसाएवढी तार, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधली, बाहेरून दिसतसुद्धा नव्हती. हायवेच्या कडेला या तारा पडलेल्याच असतात. ट्यूब बदलण्याआधी टायर आतून तपासायचाच, बोटाने नको, कापतं, रुमाल फिरवा.

ग्रुपमध्ये चालवणं हे तर एकट्याने शिकताच येत नाही. खड्डा दिसला की हाताने दाखवायचा आणि ओरडायचं, पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला आपलं पुढचं चाक न्यायचं नाही, न सांगता ब्रेक मारायचा नाही. आम्ही गेलो तेव्हा कोल्हापूरपर्यंत रस्त्याच्या कामामुळे जागोजागी डायव्हर्जन होती, शेजारून उसाचे ट्रॅक्टर, त्या गर्दीत पुढचा हात वर करतोय एवढ्या भरवशावर चालवत होतो. तसंच उतरणं. निपाणीहून उत्तूर, आजरा करत आंबोलीला मुक्काम केला की चौथ्या दिवशी सकाळी सावंतवाडीकडे घाट उतरायचा असतो, डिसेंबरात धुकं आणि थंडीने बोटं आखडलेली. ब्रेक धरून ठेवले तर रिम तापते, वळणाच्या आधी दाबायचे, वळणात सोडायचे. कात्रजचा उतार आठ-दहा वेळा केलेला असेल तर हे हाताला आपोआप येतं.

शेवटचं पैशांबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात ते कुठेच नाहीये आणि राइड तर त्यासाठीच आहे ना. पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ देत आणि प्रत्येकाला देणगीवरच्या करसवलतीची पावती मिळेल हे बघा (२००० च्या वर रोख दिले तर करसवलत मिळत नाही, आणि सवलत जुन्या कर पद्धतीतच आहे, हे आधीच सांगून टाका). ग्रुपवर मेसेज टाकून मला जेमतेम तीन जणांनी दिले, फोन केल्यावर बहुतेकांनी दिले. आणि सराव सुरू झाला की लगेच मागायला लागा, राइडच्या आठवड्यात नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी मार्केट यार्डातून माल घेऊन यायच्या त्याच वेळी मी सायकल घेऊन निघायचे, ऑगस्टपासून बघत होत्या, एकदा विचारलं कशासाठी एवढं, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी न मागता ५१ रुपये हातात ठेवले. त्यांच्या नावाची पावती संस्थेकडून आणून दिली, ती त्यांनी तराजूच्या मागे देवाच्या फोटोला टाचून ठेवलीये.