अडीच महिन्यांच्या बाळाचं डोकं मागून उजवीकडे चपटं होतंय. आजी मोहरीची उशी द्या म्हणतात. द्यावी का?

नको. मोहरीची नको, कापसाची नको, मधे खळगा असलेली ऑनलाइन मिळते तीही नको. वर्षाच्या आत उशीच नाही. उशीने हनुवटी छातीकडे झुकते आणि एवढ्याशा बाळाला श्वास घेणं तेवढ्यानेही जड जातं. शिवाय मोहरीत डोकं रुतलं की ते वळवायला बाळाला जास्त जोर लागतो. लोड लावून कुशीवरही झोपवू नका. झोपवायचं उताणंच, भार रोज त्याच जागी येतो, ते मोडायचं.

त्यासाठी बाळ उजवीकडेच का बघतं ते शोधा. पलंग डावीकडून भिंतीला लागलाय का? मग भिंतीकडे ते कशाला बघेल? आईकडे, दाराकडे, उजेडाकडेच बघणार. उशाचं डोकं पायथ्याला करा, म्हणजे भिंत उजवीकडे जाईल. चपटेपणा दिसतोय तोवर तसंच ठेवा, रोज आलटून-पालटून नको. चिमणाळंही वीतभर डावीकडे सरकवा. वरचं दूध देत असाल तर दर वेळी हात बदला.

जागेपणी पालथं घालणं सगळ्यात कामाचं. दूध पाजल्यावर अर्धा तास जाऊ द्या. पंच्याची गुंडाळी छातीखाली, दोन्ही हात तिच्या पुढे. सुरुवातीला दोन-तीन मिनिटंच, पण दिवसातून चार-पाच वेळा. हळूहळू दिवसाचा अर्धा तास भरला पाहिजे. रडलं तर स्वतःच्या छातीवर पालथं घ्या, तेही धरतात. नजर मात्र हटवायची नाही.

एक गोष्ट आजच बघा. बाळ उताणं असताना खुळखुळा उजव्या खांद्यापासून डाव्या खांद्यापर्यंत सावकाश फिरवा. डावीकडे मान अर्ध्यावर अडत असेल किंवा मानेऐवजी अख्खं अंगच वळत असेल, तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. मग नुसती जागा बदलून भागत नाही. बालरोगतज्ज्ञांना दाखवून फिजिओथेरपी लवकर सुरू करा.

मालीशवाल्या बाईंना डोकं दाबून गोल करू देऊ नका. हाडाला आकार तसा येत नाही, टाळू तर मऊच असते.

दर पंधरा दिवसांनी अंघोळीनंतर, केस ओले असताना, वरून फोटो काढा. चपट्या बाजूचा कान थोडा पुढे सरकलेला दिसणं हे झोपण्याच्या सवयीचंच लक्षण. तो मागे ओढलेला दिसला, कवटीवर हाताला कड लागली किंवा डोक्याचा घेर वाढायचा थांबला, तर पुढच्या लसीची वाट न बघता दाखवा.