ऊझ म्हणजे चिखल, मग पाझरण्यालाही ऊझच का?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतल्या ऊझ (स्पेलिंग ओ-ओ-झेड-ई) चा अर्थ काय आणि पाझरतो म्हणून चिखलाला हे नाव पडलं का. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं, पण नाही, हे मुळात दोन वेगळे शब्द आहेत.

आधी अर्थ. मड म्हणजे कुठलाही चिखल, ऊझ म्हणजे पाण्याच्या तळाचा मऊ लिबलिबीत गाळ. ओहोटीला खाडीत उतरलात की पाय घोट्यापर्यंत आत जातो आणि बोटांच्या फटींतून गार गार काहीतरी वर येतं ना, तेच (माझी एक चप्पल अजून तिथेच आहे). मराठीत मी तरी रेंदा म्हणेन.

आता जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, 'वासे' म्हणजे चिखल आणि 'वोस' म्हणजे रस, झाडाचा चीक. पाझरण्याचं क्रियापद आलंय ते या रसावरून. पुढे दोन्हीकडचे स्वर बदलत बदलत ऊ वर आले आणि सुरुवातीचा डब्ल्यू गळाला, आकड्यातल्या टू मध्ये कसा लिहितात पण बोलत नाहीत, इथे तर लिहायचाही बंद झाला, मग काय, दोघं दिसायला जुळे. चामडं कमावायचा सालींचा काढा असतो त्यालाही ऊझ म्हणतात, तो रसाच्या घरातला.

समुद्राच्या अभ्यासात मात्र ऊझ पक्का टेक्निकल शब्द आहे, खोल तळाच्या गाळात किमान 30 टक्के सूक्ष्म जीवांची कवचं-सांगाडे असले तरच ऊझ म्हणायचं. यावरून एक भारी गोष्ट. 1857 मध्ये अटलांटिकच्या तळाचा असा गाळ काढून अल्कोहोलमध्ये ठेवला होता, 1868 मध्ये थॉमस हक्सलीला त्यात जेलीसारखं काहीतरी दिसलं आणि एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण त्याने तो आदिम जीव समजून त्याचं बॅथिबियस असं बारसंही उरकलं! मग समुद्राच्या अभ्यासासाठी 1872 ला निघालेल्या चॅलेंजर जहाजावर हा जीव काही सापडेना, शेवटी तिथल्या बुकॅनन नावाच्या केमिस्टने दाखवलं की समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल ओतलं की कॅल्शियम सल्फेटचा असाच साका बसतो. 1875 मध्ये हक्सलीने चूक जाहीर कबूल केली.